पाचव्या अष्टकाचा चौघडा

माझा साडू वीरेश याच्याविषयी मला वाईट असं काहीही सांगता येत नाही, आणि हीच माझी त्याच्याविषयीची मुख्य तक्रार आहे. माणसाने थोडं तरी सहकार्य करावं. चारचौघांत एखादी थाप मारावी, कुणाशी तरी भांडावं, निदान आमटी पिताना आवाज करावा. छे! बीडला टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान, दुकानातच एसटीडीचा बूथ, दारात दुधी रंगाची व्हॅन, आणि एवढं सगळं असून मी दिसलो की थोरला साडू म्हणून वाकून नमस्कार. वाकतो तो, पाठ माझी दुखते.

आमचे सासरे गुंडप्पा यांचं शिरूर कासारला किराणा दुकान. त्यांना तीन मुली. थोरली वर्षाराणी माझ्या पदरी पडली. (ती हे वाक्य उलट्या बाजूने सांगते.) मधली वीरेशला दिली, आणि धाकट्या ईश्वरीचं लग्न सत्त्याण्णव सालच्या वैशाखात ठरलं. सासरी गेलो की मी फारसा बोलत नाही, पण बघत असतो. हातांची खुर्ची कुणाला मिळाली, घडीची कुणाला, पोळीवर तूप वाढताना सासूबाईंचा हात कुणाच्या ताटावर किती वेळ थांबला, आग्रह कुणाला पाचदा झाला आणि कुणाला दोनदा. वर्षाराणी म्हणते, “अहो, तुम्ही जेवायला जाता का तपासणीला?” मी म्हणतो, जेवण घरीही मिळतं.

पण खरी ठसठस वेगळीच आहे. ती माझ्या स्वतःच्या लग्नातली.

आमच्याकडे लग्न लागतं ते असं. स्टेजवर लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकं म्हणतात. बँडवाले मांडवाच्या बाहेर, पार रस्त्यावर. त्यांना आतलं काही ऐकू येत नाही. म्हणून घरचा एखादा भरवशाचा माणूस खांबाला धरून उंचावर उभा राहतो आणि शेवटचं ‘सावधान’ झालं की उपरणं हलवतो. उपरणं हललं की बँड फुटतो, बँड फुटला की रंगवलेली ज्वारी वधूवरांवर पडते आणि मग काही मागे घेता येत नाही. अष्टकं एकूण सहा. माझ्या लग्नात पाचवं संपत आलेलं असताना खांबावरच्या माणसाच्या कानाशी गांधीलमाशी आली आणि त्याने उपरण्याने ती हाकलली. बावीस माणसांचा बँड फुटला. माझं लग्न पाच अष्टकांवर लागलं. सहावं अजून बाकी आहे.

तेव्हापासून सासुरवाडीला माझं नाव ‘पाच अष्टकांचे पाव्हणे’. वीरेशचं लग्न दोन वर्षांनी झालं. सहाच्या सहा अष्टकं, सहाव्याच्या शेवटच्या अक्षरावर बँड, आणि ज्वारीचा एकही दाणा आधी पडला नाही. माणसाचं सगळं कसं वेळेवर होतं!

तर ईश्वरीच्या लग्नाची बैठक बसली. वीरेश हातांच्या खुर्चीवर. मी कुठे, ते सांगायला नको. तो सासऱ्यांना नम्रपणे म्हणाला, “मामा, बँडचं माझ्याकडं द्या. बीडचा बँड आणतो.”

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या घडीच्या खुर्चीवर राहवेना. माझं तोंड माझ्याआधी बोललं. “बँड कशाला? माझा कॉम्प्युटर वाजवील.”

माझी गेवराईला टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. नऊ टाइपरायटर आणि मागच्याच वर्षी घेतलेला एक कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात मी हौसेने साऊंड कार्ड बसवून घेतलं होतं. त्या वेळी अख्ख्या गेवराईत आवाज करणारा कॉम्प्युटर तो एकच. पण त्याने तोवर केलेला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे घंटेचा एक ‘टिंग’.

मला वाटलं, आता वीरेश मोडता घालेल, वाद होईल, आणि मला सन्मानाने माघार घेता येईल. तर हा पठ्ठ्या म्हणतो, “अरे वा, साडूभाऊ! मग बँड कावून आणायचा? मामा, बँड रद्द. असं लग्न आख्ख्या जिल्ह्यात झालेलं नसंल.”

अशा माणसाचं करायचं तरी काय? त्याने मला अडकवलं नाही, मोठ्या मनाने मोकळी वाट करून दिली. त्या मोकळ्या वाटेने मी सरळ खड्ड्यात गेलो.

गेवराईला परत येताना एसटीत वर्षाराणीने विचारलं, “जमेल ना?” मी म्हणालो, “त्यात काय जमायचंय?” तिने खिडकीकडे तोंड केलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत ही खिडकी मला पुष्कळ बोललेली आहे.

काम वरवर सोपं होतं. अष्टकं चालू असताना मागे सनईचा मंद सूर चालू ठेवायचा आणि शेवटच्या ‘सावधान’ला बटण दाबलं की त्याच क्षणी चौघडा लावायचा. सूर आणि चौघडा मी कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये भरून घेतले. दारावरच्या बेलचं एक बटण घेतलं, त्याला दहा हात तार जोडली आणि साऊंड कार्डाला खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, लावायची जी खाच असते तिच्यात ती तार खोचली. राहिला प्रोग्राम.

वाचकांना कंटाळा येणार नाही इतपतच सांगतो. साऊंड कार्ड हे लहान मुलासारखं असतं. त्याला आवाज एकदम देता येत नाही, घास घास करून भरवावा लागतो. एक घास संपायच्या आत दुसरा तोंडात गेला नाही तर ते भोकाड पसरतं, म्हणजे आवाज तुटतो. आणि भरवता भरवता प्रोग्रामने मधूनमधून बटणाकडे बघून विचारायचं असतं, “दाबलं का?” नाही? मग घास. “दाबलं का?” नाही. घास. हे चक्र न थकता फिरत ठेवायचं. किती मोठा घास आणि किती वेळाने प्रश्न, एवढंच ठरवायचं होतं. एवढंच ठरवण्यात माझा दीड महिना गेला.

दुपारी इन्स्टिट्यूट बंद असायची तेव्हा मी बसायचो. पहिल्या प्रोग्रामला मी बटणाची इतकी काळजी लावून दिली की तो सारखा “दाबलं का, दाबलं का” विचारत बसला आणि घास द्यायचं विसरला. सनईला उचकी लागली. समोरच्या ओसरीवर बसणारे बद्रीनाथ, निवृत्त तलाठी, काठी टेकत आले आणि म्हणाले, “सर, मशीनला पाणी पाजा.” मग मी घास मोठा केला. सूर अगदी तुपासारखा आला, पण बटण दाबल्यावर प्रोग्राम तो घास संपेपर्यंत मान वर करेना. चौघडा चार सेकंदांनी वाजला. बद्रीनाथ पुन्हा आले. “चार सेकंद म्हंजे काय हो, सर? आमच्या काळी फेरफाराला चार वर्षं लागायची.” त्यांनी आणखी सल्ला दिला की कॉम्प्युटरशेजारी एक माणूस बसवा आणि त्याच्या हातात उपरणं द्या.

उपरणं हा शब्द माझ्यासमोर काढायचा नसतो, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी माझी अडचण सुटली ती भिंतीपलीकडच्या भिवराबाईमुळे. तिच्या तीन म्हशी आहेत आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येकाविषयी एक मत आहे. एकदा मी पैसे न मोजता शहाणपण मिळवायला तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. एका चुलीवर पातेलंभर दूध, दुसरीवर तवा, आणि हात परातीत. मी विचारलं, “भिवरामावशी, दोन्हीकडं लक्ष कसं राहतं तुमचं?”

“दोन्हीकडं कशाला ठिवायचं?” ती म्हणाली. “दुधाकडं बघत बसलं की भाकर करपती. भाकरीत मन घातलं की दूध जातं चुलीत. म्या एक भाकर टाकती, एकडाव दुधाकडं बघती. भाकर उलटती, पुन्ना एकडाव बघती. लई येळ बघायचं न्हाई अन् लई येळ सोडायचंबी न्हाई.”

मी घरी पळालो. घास लहान केला. एक घास भरवायचा, एकदा बटणाला विचारायचं. एक घास, एक प्रश्न. सेकंदाला वीस वेळा. सूर धाग्यासारखा सरळ आला आणि बटण दाबताच चौघडा असा फुटला की समोरच्या ओसरीवर बद्रीनाथांनी दोन्ही हात जोडले.

मात्र एक खोट राहिली. चौघडा वाजत असताना मध्येच खरखर यायची, कारण चौघड्याचा आवाज भरगच्च, त्याला घास जास्त लागायचे. मी विचार केला, एकदा चौघडा लागल्यावर बटणाला विचारायचं राहिलंच काय? लग्न तर लागलेलं असतं. म्हणून चौघडा चालू झाल्यावरचे सगळे प्रश्न मी काढून टाकले. तीन मिनिटं प्रोग्रामने डोळे मिटून नुसतं भरवायचं. खरखर गेली. मी मोठ्या तोऱ्यात भिवराबाईला हे सांगायला गेलो तर ती म्हणाली, “भाकर फुगली म्हून दूध काय उतू जायचं थांबतंय का?” मी मनात म्हटलं, म्हशीवाल्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळतं!

मग परवानगी. लाऊडस्पीकरसाठी ठाण्यावरून कागद लागतो. तिथे सुंदरराव नावाचे हवालदार होते. जाडजूड, शांत, अर्जाचा रकाना रिकामा दिसला की ज्यांना रात्री झोप लागत नसावी असे.

“वाद्य?” त्यांनी विचारलं.

“कॉम्प्युटर.”

“त्यो कुठं लिहू? बँड हाय, ताशा हाय, हलगी हाय, सनई हाय.”

“इतर असं लिहा.”

“वाजवणारे किती?”

“एकही नाही.”

सुंदररावांनी पेन खाली ठेवलं. टोपी काढली. डोकं खाजवलं. “एकबी न्हाई? मग वाजणार कसं?”

“आपोआप. नुसतं बटण दाबायचं.”

“हे बघा सर, तुमी शिकलेले मानूस हायत. उद्या टायमाच्या म्होरं वाजलं, तक्रार आली, तर म्या आणून कुणाला बसवू? त्या डब्याला? वाजवणारा पायजेच. बटण कोण दाबणार?”

“मी.”

“आसं सांगा की!” आणि त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाजवणारे : एक. नाव : सोमेश्वर.’ खाली शिक्का मारला. त्या शिक्क्याकडे बघताना मला जे वाटलं ते माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. ईश्वरीच्या लग्नाचा वाजवणारा मी, असं आता सरकारनेच म्हटलं होतं.

हा आनंद हळदीच्या दिवसापर्यंत टिकला.

आम्ही टेंपोतून शिरूरला पोहोचलो. कॉम्प्युटर गादीत गुंडाळलेला, वर्षाराणी, मी, आणि भाकरी बडवायला बोलावलेली भिवराबाई. स्टेजमागे कनातीच्या आडोशाला टेबल मांडलं, तारा जोडल्या, बटण दाबून दाखवलं. चौघडा दणाणला. सासऱ्यांच्या बहिणीने, गंगासागर आत्याने, पदर तोंडाला लावला. सासरे माझ्याजवळ आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी ती वेळसुद्धा बघून ठेवली, पाच वाजून दहा मिनिटं.

“जावईबापू, झकास!” ते म्हणाले. “आता असं करू. तुमी मशीनपाशी थांबा. बटण घेऊन स्टेजवर वीरेश हुबे ऱ्हातील.”

“वीरेश?”

“त्ये उंच हायत. फोटोत बरं दिसतं.”

“मामा, कायतरीच!” वीरेश लगेच म्हणाला. “मेहनत साडूभाऊंची. बटण त्येंनाच द्या.”

“न्हाई, न्हाई,” सासरे म्हणाले आणि आवाज खाली आणून, म्हणजे तिघांनाच ऐकू येईल इतका, पुढे म्हणाले, “त्येंच्या लग्नात काय झालतं, ठावं हाय ना? पुन्ना तसं नको.”

वाचक हो, तुम्हीच सांगा. माझ्या लग्नात उपरणं मी हलवलं होतं का? मी नवरदेव होतो! हात जोडून, मान खाली घालून, गळ्यात हार घ्यायच्या तयारीत उभा होतो. ज्याने गांधीलमाशी हाकलली तो सासऱ्यांचाच पुतण्या होता आणि आत्तासुद्धा तो पंगतीच्या पाटांवर देखरेख करत होता. पण बोट माझ्याकडे. म्हणजे दीड महिना घास भरवले मी, उचक्या काढल्या मी, ठाण्यात रकाने भरले मी, आणि शेवटच्या क्षणी सगळ्या गावासमोर अंगठा वीरेशचा!

सगळे हळदीला गेले तेव्हा मी प्रोग्राम उघडला आणि त्यात एक ओळ वाढवली. फक्त एक. घास दिल्यावर बेलच्या बटणाला विचारण्याआधी कीबोर्डवरच्या स्पेसबारला विचारायचं. स्पेसबार दाबला? लाव चौघडा. नाही? मग बेलला विचार. यात गैर काही नव्हतं. वयाने मी थोरला, नात्याने मी थोरला, कागदावर वाजवणारा मी. मला आधी विचारायला नको? वीरेशने अंगठा दाबायचा तो दाबावा, फोटो काढून घ्यावा. पण लग्न लागेल ते माझ्या अंगठ्यावर. हे कुणालाही कळणार नव्हतं. मला कळणार होतं, आणि तेवढ्यावर मी पुढची वीस वर्षं घडीच्या खुर्चीत आनंदाने बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त बारा पस्तीसचा. ऊन असं की मांडवाच्या कापडातून सुया खाली येत होत्या. माणूस लोटलेलं. मी कनातीमागे टेबलाशी, अंगठा स्पेसबारवर. शेजारी सावलीला भिवराबाई, पाय पसरून. कनातीला एक फट होती. त्या फटीतून स्वामींचा खांदा दिसत होता, ईश्वरीच्या शालूचा काठ दिसत होता आणि अगदी मधोमध, जणू चौकटीत बसवल्यासारखा, वीरेशचा उजवा हात. हातात माझं बटण.

पहिलं अष्टक झालं. सनईचा सूर लोण्यासारखा चालला होता. खरं म्हणजे मी तो ऐकायला हवा होता. स्वामींकडे लक्ष द्यायला हवं होतं, अष्टकं मोजायला हवी होती. तिसऱ्यापर्यंत मी मोजलीही. पण मग मला दिसलं की वीरेशच्या त्या बोटात नवी अंगठी आहे. कधी केली? कुणी दिली? सासऱ्यांनी तर नाही? मला अंगठी नाही! चौथं अष्टक त्या अंगठीत गेलं. पाचव्याला माझं जगात फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष उरलं होतं, त्याचा अंगठा. हलला का? नाही. हलला का? नाही. हलला का?

पाचव्याचं ‘सावधान’ आलं. आणि त्याचा अंगठा हलला.

तो बिचारा, जबाबदार माणूस, पुढच्या अष्टकाच्या तयारीसाठी अंगठा नुसता बटणावर आणून ठेवत होता. पण मला वाटलं, हा दाबतोय. आणि माझ्याआधी दाबतोय! मी स्पेसबार असा हाणला की टेबलावरचा तांब्या आडवा झाला.

चौघडा फुटला.

पुढचं सगळं एकदम झालं. मांडवभर ज्वारी उडाली. सहाव्या अष्टकासाठी उघडलेलं स्वामींचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि त्यात दोन दाणे गेले. कुणीतरी “हार घाला, हार!” ओरडलं आणि ईश्वरीने हार घातला. मी एस्केप दाबलं. मग क्यू दाबलं. मग जे जे दाबण्यासारखं होतं ते ते सगळं दाबलं. चौघडा ढिम्म. ऐकणार कसा? मीच त्याला शिकवलं होतं की एकदा वाजायला लागलास की कुणाला काही विचारू नकोस.

“बंद कर की रं!” भिवराबाई ओरडली.

“ऐकत नाही!”

“म्या काय म्हनलं हुतं? दूध!”

आतून सासऱ्यांचा आवाज आला, “कुणी दाबलं? अजून एक हाय न्हवं? पुन्ना तेच!” मी टेबलाखाली वायर उपटायला घुसलो. डेकोरेटरच्या एकवीस वायरींमध्ये माझी कोणती ते कळेना. इतक्यात वायर न उपटताच चौघडा थांबला. पंखे थांबले, माईक मेला, मांडवातले दिवे गेले. लाइट गेली होती.

मी टेबलाखालीच राहिलो. तिथे बरं होतं.

जनरेटर आणलेलं होतं, पण ते चालवणारा पहिल्या पंगतीला बसला होता. त्याला शोधून, हात धुवायला लावून, दोरी ओढून ओढून ते धडधडायला लागलं तेव्हा एक वाजत आला होता. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, “पाव्हणं, हार पडले तवा बारा तेहतीस झाले हुते. लाइट गेली चौतीसला. सहाव्या अष्टकाला थांबलो असतो तर? ना माईक, ना वाद्य, ना बँड. मुहूर्त गेला असता की!”

मांडवात एकदम कुजबुज उठली. मी टेबलाखालून कान दिला. आता, आता माझं नाव निघणार.

“वीरेशनी बरुबर वळीखलं!” गंगासागर आत्या म्हणाली. “लाइट जानार म्हून आदीच बटन दाबलं. इजेचंच दुकान हाय त्येंचं, कळनारच!”

“न्हाई हो आत्या,” वीरेशचा आवाज. “म्या दाबलंच न्हाई. खरंच.”

“बघा!” सासरे सगळ्यांकडे वळून म्हणाले. “येवढं केलं अन् म्हनतो म्या न्हाई केलं! याला म्हनायचं जावई.”

आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी, सगळ्या गावासमोर, वीरेशच्या डोक्यावर तुऱ्याचा फेटा बांधला. टाळ्या कितीतरी वेळ वाजत होत्या. कनातीच्या फटीतून मला आता फक्त तो तुरा दिसत होता. मी बाहेर आलो, कपडे झटकले, ओरडावंसं वाटलं की तो मी, मी दाबलं! मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता. बटण तर वीरेशकडे होतं, मग तुम्ही काय दाबलंत? आणि का? त्या ‘का’पाशी येऊन माझं तोंड बंद झालं. चूक माझी म्हणून वाईट वाटलं असतं तर मी समजू शकलो असतो. मला वाईट वाटत होतं ते माझ्या चुकीचाही मान त्यानेच नेला याचं.

“थोरले कुठं हायत?” सासऱ्यांनी विचारल्याचं ऐकू आलं.

“मशीनपाशी,” आत्या म्हणाली. “तिथंच ऱ्हाऊ द्या त्येंना. दिसभर तिथंच बरे हायत.”

स्वामींनी राहिलेलं सहावं अष्टक जनरेटरच्या धडधडीत, वधूवरांच्या कानाशी वाकून म्हटलं. मला आठवलं, माझं तेवढंही कुणी म्हटलं नव्हतं.

परतीच्या टेंपोत मग भिवराबाईने तंबाखू मळत विचारलं, “सोमेश्वरा, येक सांग. तवा तुझा, भाकर तुझी, दूधबी तुझं. तू सारा येळ त्येच्या चुलीकडं कावून बघत हुतास?”

वर्षाराणीने तिच्या नेहमीच्या खिडकीकडे तोंड केलं. टेंपोला खिडकी नव्हती, तरीही केलं. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, स्पेसबारच्या ओळीसकट. पुरावा म्हणून सुंदररावांचा कागदही दाखवला. तिने तो वाचला, घडी केली आणि देवघरातल्या पंचांगात ठेवला. “वाजवणारे एक,” ती म्हणाली, “हे अगदी बरोबर लिहिलंय हो त्यांनी.”

दिवाळीनंतर गंगासागर आत्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मशीनच वाजवायचं असं आत्यानेच जाहीर केलं. लगेच वीरेशचा बूथवरून फोन. “साडूभाऊ, या बारी बटण तुमच्या हातात. म्या मामांना सांगून ठिवलंय.”

“अहो, पण—”

“न्हाई, ऐका. मागच्या बारीला उगीच माझं नाव झालं. दाबलं कुणी, मला ठावं हाय. कनातीमागं तांब्या पडला तवा म्या वळून बघितलंतं.” तो हसला. त्यात टोचणी नव्हती. मी नीट ऐकलं, खरंच नव्हती. “कुणाला बोललो न्हाई. बोलणारबी न्हाई.”

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. सहा महिने! तुरा डोक्यावर घेऊन, सगळ्यांना “मी नाही, मी नाही” म्हणत, माझं नाव त्याने पोटात ठेवलं होतं. मला जे हवं होतं ते सगळं तारेच्या दुसऱ्या टोकाला तयार होतं. बटण, स्टेज, फोटो, माझा अंगठा. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

“छे, छे!” मी म्हणालो. “बटण तुम्हीच दाबायचं. मला मुळीच चालणार नाही. तुम्ही उंच आहात.”

फोन ठेवला. वर्षाराणी दारात उभी होती. “अहो, एवढं चालून आलेलं बटण का सोडलंत?”

“एवढा मोठेपणा एकट्या त्यानेच का करावा?”

मग तिने डोळे बारीक करून विचारलं, “आणि ती प्रोग्राममधली स्पेसबारची ओळ? ती काढलीत ना?”

मी चष्मा पुसायला घेतला.

“असू दे,” मी म्हणालो. “एका ओळीला जागा ती किती लागते?”